कोरी नळी

पहाटे साडेपाचला सदाशिव कुरणे येतो
चिखलीच्या गोठ्यांतून, पायाला शेण.
हुद्दा : कीटक समाहारक.
ओठात रबरी नळी, तिच्या टोकाला काचेची,
म्हशीमागची ओली भिंत, आणि भिंतीशी
तिरकी टेकलेली ती.
एक बारीक श्वास आत, की ती काचेत.
सव्वीस वर्षं हा माणूस असा श्वास ओढतोय.
मधी जाळी नसती तर
निम्मी चिखली पोटात असती माझ्या, म्हणतो.

कागदी पेल्यांवर त्याचं गोल अक्षर :
लाडांचा गोठा. उत्तरेची भिंत. चार वाजून दहा.

मी त्यांना बर्फावर निजवते.
सोंड, मिशा, पंखांवरचे ठिपके बघून
दहा-दहा जणींची एकेक नळी करते.
दहा, कारण रसायन महाग
आणि पुढची बाटली मार्चनंतर.
म्हणजे नळी बोललीच, तरी कोण बोललं कळणार नाही.
पापाच्या तिकटीवर गर्दीतून शिवी यावी
आणि तोंड दिसू नये, तसं.

मग वाटायचं.
पंख, पाय, म्हशीचं रक्त,
कदाचित लाडांच्या धाकट्या सुनेचंही,
आणि असलाच तर त्यात तो.
कारखान्याच्या काट्यावर भरली ट्रॉली चढवून
उसावरच्या मुंगीचं वजन विचारावं,
असं माझं काम.

जी पोटभर प्यायलेली, तीच सगळ्यात मुकी.
रक्ताचा तांबडेपणाच विकराचे हात बांधतो.
उपाशी असते ती स्वच्छ बोलते,
पण तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

दुपारी वीज जाते. फ्रीजरला घाम फुटतो.
ज्या शब्दानं मी त्याला हाक मारणार
तो शब्दच आत कुठेतरी मधोमध तुटतो.

आणि समजा, सापडला.
पोटात सापडला की लाळेत?
पोटातला मेलेला असेल, पचत असेल;
यंत्राला मेला काय, जिता काय, एकच.
लाळेतला मात्र कुणाच्यातरी दंडावर उतरणार होता.
डोकं वेगळं, पोट वेगळं कापायला
माझ्याकडे एक सुई
आणि चारशे अकरा डास.

दर खेपेला शेवटची नळी कोरी ठेवायची.
नुसतं पाणी, गाळून गाळून निवळलेलं.
ती गप्प राहिली
तरच बाकीच्यांचं ऐकायचं.

गुरुवारी, छत्तिसाव्या आवर्तनाला,
कोरी नळी उजळली.

हातमोजे बदलले. टेबल ब्लीचनं पुसलं.
नवं पाणी घेतलं.
पुन्हा उजळली.

कधीचा तरी एक कण :
माझ्या बाहीवरचा, दाराच्या कडीवरचा,
जूनमधल्या एखाद्या खऱ्या नमुन्याचा.
मीच तो गावोगाव वाटत फिरले असेन
चिखली, वरणगे, आंबेवाडी,
खुर्चीवरून न उठता.
तीन महिन्यांच्या निकालांवर लाल रेघ.

सदाशिवला सांगणं राहिलं होतं.
चहातली माशी बोटानं काढत त्यानं ऐकलं.
"म्हंजे नुसत्या पाण्यातबी हाय म्हनं?"
"असू नये. आहे, म्हणून बाकीचं धरायचं नाही."
"व्हय."
माशी बशीच्या कडेला पाय झाडत होती.
"पाण्यातनंच येत्यात की वो म्याडम, समदी."

मी हसले नाही. तोही विनोद करत नव्हता.

"मग लाडांच्यात परत जाऊ?"
"परत."
"त्यांची सून पडलीया तापानं. चार दिस झालं."
"रक्त घेतलं कुणी?"
"काचपट्टी गेलीया तालुक्याला."

बर्फाचा डबा खांद्याला अडकवून तो दारात थांबला,
काचेची नळी उजेडाकडं धरली
आणि एक फुंकर मारली तिच्यातून,
आत कुणी मागं राहिलं नाही ना, बघायला.
रोजच मारत असणार.
मी आज बघितलं.